सोनकी आणि गोंधळलेला वसंत

करंजवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. गाव संपून जिथं रान सुरू व्हायचं, तिथं शेणामातीनं सारवलेली एक झोपडी होती, आणि त्या झोपडीत सोनकी तिच्या आईबरोबर राहायची. पाऊस ओसरू लागला की डोंगरावर पिवळीधमक फुलं फुलतात ना, त्यांना सोनकी म्हणतात. ती फुलली होती तेव्हा ही जन्मली, म्हणून हिचं नावही सोनकी. वडील नव्हते. होती फक्त आई, आणि आईची सुई.

सोनकीच्या आईचं नाव पुतळा. ती गोधड्या शिवायची. लोक जुनी लुगडी, विटलेले सदरे, फाटकी धोतरं आणून द्यायचे, आणि पुतळा त्यातून अशी गोधडी करायची की पांघरणाऱ्याला फुलांच्या ताटव्यात निजल्यासारखं वाटावं. पण हळूहळू तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. आधी सुईचं नेढं दिसेना. मग टाका दिसेना. मग रंगही विरघळून गेले. लाल ते राखाडी, हिरवं तेही राखाडी.

"सोनके, हिरवी चिंधी दे गं."

"ही घे आई. आता तिच्याशेजारी पिवळी लाव. छान दिसेल."

सोनकी आईसमोर चिंध्यांचे चिमुकले ढीग करून ठेवायची. लाल लालजवळ, निळी निळ्याजवळ. मऊ सुती कापड या हाताला, जाडंभरडं त्या हाताला. आई चाचपून घ्यायची आणि शिवायची. पण टाके वाकडे जायचे, ठिगळं तिरकी बसायची. लोक येईनासे झाले. संध्याकाळी चुलीवर तांदळाची पातळ पेज शिजायची, तीही थोडीशी. आई खालची दाट पेज सोनकीला वाढायची आणि वरचं पाणी आपण प्यायची.

"मला आज भूकच नाही गं," ती म्हणायची.

सोनकी लहान होती, पण हे खरं नाही एवढं तिला कळायचं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सोनकी रानात काटक्या वेचायला गेली. बारीक काटक्या चूल पेटवायला, जाड फाटे जळत ठेवायला, अशी दोन वेगवेगळी ओझी ती बांधत होती. तेवढ्यात तिच्या पायाजवळचा दगड म्हणाला, "कुहू!"

सोनकी दचकली. दगड कसा बोलेल? तिनं खाली वाकून पाहिलं. दगड गप्प. ती उठली, तशी त्यानं पुन्हा साद घातली, "कुहू, कुहू!"

पलीकडे करवंदीची काटेरी जाळी होती. तिच्यावर अजून एकही फूल नव्हतं, तरी तिला मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता. तिच्या पुढे एक वाळकं पान पडलं होतं, आणि ते मोराच्या पिसासारखं निळंहिरवं झगमगत होतं. जरा पुढे आणखी एक, मग आणखी एक. सोनकी एकेक पाऊल टाकत त्यांच्या मागे गेली, आणि एका म्हाताऱ्या बेहड्यापाशी येऊन थांबली. झाडाच्या बुंध्याला एक ढोली होती. ढोलीतून उजेड झिरपत होता, आणि आत कोणीतरी बारीक आवाजात मुसमुसत होतं.

"कोण रडतंय?" सोनकीनं हळूच विचारलं.

"मी," आतून आवाज आला. एखादंच घुंगरू वाजावं तसा.

ढोलीच्या काठावर एक परी येऊन बसली. वितीएवढी इवलीशी! चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक पंख, आंब्याच्या मोहोरासारखे भुरभुरते केस. तिच्या अंगातून सोनेरी उजेड पाझरत होता, सकाळच्या कोवळ्या उन्हाचा. तो सोनकीच्या हातावर पडला आणि तिचा काळासावळा, ओरखडलेला हात सोन्याचा दिसू लागला.

"भिऊ नकोस, चिमणे," परी म्हणाली. "मी मोहोरपरी. या रानाचा वसंत वर्षभर मी सांभाळते. आत ये, म्हणजे तुला कळेल माझ्यावर काय वेळ आलीय ते. डोळे मीट आणि एक पाऊल टाक."

सोनकीनं डोळे मिटले, पाऊल टाकलं आणि डोळे उघडले.

आई गं! बाहेरून नुसतं एक झाड, आणि आत केवढं मोठं आभाळ! झाडाच्या भिंती मधासारख्या चमकत होत्या. वर छत नव्हतंच, होता तो फक्त उंच उंच जाणारा उजेड. आणि मधोमध एक डोंगर होता, लुकलुकणारा, कुजबुजणारा, दरवळणारा. त्यात मोहरीएवढे रंगीत मणी होते, शेवरीच्या कापसासारखे मऊमऊ पुंजके होते, आणि खुळखुळ्यासारख्या पिटुकल्या शेंगा होत्या. सगळं सगळ्यात मिसळलेलं.

"मणी म्हणजे फुलांचे रंग," मोहोरपरी म्हणाली. "पुंजके म्हणजे वास. शेंगांमध्ये पाखरांचे आवाज. सगळं कसं जागच्या जागी होतं गं! पण वावटळ शिरली आणि हा असा काला झाला. थोडं बाहेरही उडालं."

"म्हणून तो दगड कुहू म्हणाला!"

"हो ना. आणि आज सूर्य डोंगराआड जाताना वारा येणार, वसंत न्यायला. त्यानं हे असंच नेलं तर पळसाला निळी फुलं येतील. मोगऱ्याला लसणाचा वास येईल. कोकीळ कावकाव करील."

सोनकीला खुदकन हसू आलं.

"हसतेस काय? फुलपाखरांना आपलं फूल ओळखू येणार नाही. मधमाश्या नुसत्या भिरभिरतील, उपाशी राहतील. आणि मधमाश्या फुलांवर आल्या नाहीत तर झाडांना फळं कुठून धरणार?"

सोनकीचं हसू मावळलं. उपाशी राहणं काय असतं ते तिला ठाऊक होतं.

"मग परीताई, तू निवडत का नाहीस?"

मोहोरपरी डोंगरावर वाकली. तिचा उजेड मण्यांवर पडला, आणि लाल मणी सोनेरी झाला, निळा सोनेरी झाला, पांढराही सोनेरी झाला.

"माझ्याच उजेडात मला सगळं एकसारखं दिसतं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून सोनेरी थेंब टपकला.

सोनकीनं काटक्यांची ओझी कोपऱ्यात ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि मांडी घालून बसली. "तू जरा लांब थांब हं, परीताई. मी निवडते."

सुरुवात तिनं लाल रंगापासून केली. लाल मणी घेतला, लाल पुंजका घेतला, लाल शेंग घेतली, सगळं एकत्र ठेवलं. छानसा लाल ढीग झाला. पण तो थरथरायला लागला, फुगला, आणि फट्‌! सगळं लाल लाल चहूकडे उधळलं.

"असं का झालं?" सोनकी रडवेली झाली.

"मला नाही गं माहीत," परी लांबून म्हणाली. "पण रागानं नाही उधळलं ते. त्याला काहीतरी सांगायचं असेल."

सोनकीनं लाल मणी तळहातावर घेतला. त्याच्याकडे नुसतं बघावं. लाल पुंजका घेतला. तो नाकापाशी नेल्यावर गोड वास आला. लाल शेंग हलवली तर आत कोणीतरी शीळ घातली. सोनकीनं तिन्ही समोर ओळीनं मांडले. मग तिचे डोळे चमकले.

"लाल आहेत सगळे, पण सगळ्यांचं काम एक नाही! एक बघायचा आहे, एक हुंगायचा, आणि एक ऐकायचा!"

तिनं आधी मोठे ढीग केले. बघायचे मणी इथं, हुंगायचे पुंजके तिथं, ऐकायच्या शेंगा त्या भिंतीपाशी. आणि काय नवल! अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे ढीग गपगार बसले.

मग मोठ्या ढिगांतून चिमुकले ढीग. केशरी मणी पळसाचे, लाल पांगाऱ्याचे, जांभळे ताम्हणाचे. पिवळ्यांनी मात्र तिला चांगलंच दमवलं. एक पिवळा हळदीसारखा, एक लिंबासारखा, आणि एक इतका फिका, जणू ताकच! हा पिवळा की पांढरा? सोनकीनं सगळे पिवळे ओळीनं मांडले, गडदाशेजारी जरा फिका, त्याच्याशेजारी आणखी फिका. ती ओळ अशी काही झळाळून उठली की जमिनीवर ऊनच सांडलं म्हणा ना.

पुंजके तिनं डोळे मिटून निवडले, कारण त्यांचे रंग फसवे होते. हा मोगरा. हा मोहोर. हा मोहाच्या फुलांचा, गोड आणि जडसर. शेंगा कानाशी हलवल्या. दोन शेंगा तर हुबेहूब सारख्या होत्या, पण एकीत "कुहू" होतं आणि दुसरीत "काव". तिसऱ्या एका शेंगेत कोणीतरी टुक टुक टुक करत होतं, इवल्याशा हातोडीनं ठोकावं तसं. बाहेर जाऊन तिनं दगडाचा कुहू, जाळीचा मोगरा आणि पानांची निळाई अलगद सोडवून आणली. तिची बोटं दुखायला लागली. पोटात कावळे ओरडू लागले. पण ज्या ढिगावर शेवटचा दाणा पडायचा तो ढीग हळूच गुणगुणायला लागायचा, आणि ते ऐकलं की सोनकी दुखणं विसरायची.

भिंतींवरचा मधाळ उजेड तांबूस झाला. लांबून वाऱ्याची सळसळ ऐकू आली. डोंगर संपला होता. उरला होता एकच मणी.

त्याला रंग नव्हता. वास नव्हता. कानाशी धरला तर आवाजही नव्हता. पाण्याच्या थेंबासारखा तो सोनकीच्या तळहातावर बसला होता. तिनं त्याला पांढऱ्यांत ठेवून पाहिलं, तो घरंगळून बाहेर आला. पुंजक्यांत ठेवलं, तिथूनही बाहेर.

"वारा आला, सोनकी!" परी घाईनं म्हणाली. "राहू दे तो. कचरा असेल कसलातरी. टाकून दे."

"असं कसं टाकायचं, परीताई? कुणाशी जुळत नाही यात त्याची काय चूक? त्याला त्याचा वेगळा ढीग देऊ या. एकट्याचा."

तिनं बोटानं मातीत एक लहानसा खळगा केला, त्यात कोवळं पान अंथरलं आणि मणी त्यावर ठेवला.

त्याच क्षणी वारा आला.

सोनकीनं असं काही कधी पाहिलं नव्हतं. ढीग जागचे उठले आणि रंगीत ओढ्यांसारखे हवेतून वाहू लागले. केशरी ओढा पळसाच्या माळाकडे, पिवळा बहाव्यांकडे, निळा दूरच्या अंजनीच्या झाडांकडे. वासांचे ढग तिच्या गालांना घासून गेले. शेंगा टपटप फुटल्या, आणि न दिसणाऱ्या पाखरांचा थवा गात गात तिच्या डोक्यावरून निघून गेला. एकही दाणा चुकला नाही, एकही दुसरीकडे गेला नाही. सोनकी तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

मग सगळं शांत झालं. खळग्यातला मणी तेवढा राहिला होता, आणि तो आतून उजळत होता.

"अगंबाई!" मोहोरपरी कुजबुजली. "हा तर इच्छामणी! वसंताबरोबर तोही कालवला गेला होता, आणि मी वेडी टाकून दे म्हणाले. जो त्याला जागा देतो त्याचाच तो होतो. माग सोनकी, एक इच्छा माग."

"माझ्या आईचे डोळे–"

"थांब! आधी त्याचा नियम ऐक. हा मणी एकट्याला काही देत नाही. देतो तो एका ढिगाला. तुझी आई ज्या ढिगात असेल तो ढीग तू सांगायचा. मण्यात आहे मूठभरच. ढीग मोठा केलास आणि मागितलेली गोष्ट वाटल्यानं कमी होणारी असली, तर प्रत्येकाला चिमूटभरच मिळेल. आणि एकदा बोललीस की बदलता येणार नाही."

सोनकी विचारात पडली. आई कुठल्या ढिगातली? सगळ्या आयांच्या? पण सगळ्या आयांचे डोळे कुठे अधू आहेत? आमच्या घरातल्या माणसांच्या? घरात तर दोघीच. मला दिसतंच आहे, म्हणजे मूठ सगळी आईला. ती बोलणारच होती, आणि तिला शेजारचे गोंदाआबा आठवले. आबा टोपल्या विणायचे. त्यांच्याही डोळ्यांपुढे धुकं होतं. परवाच त्यांचा हात चुलीवर पडून भाजला होता. आणि ज्यांना सोनकी ओळखतही नव्हती असे कितीतरी आबा, कितीतरी आया दूरच्या गावांत असतील, त्यांचं काय?

पण त्या सगळ्यांना घेतलं आणि आईला चिमूटभरच दिसलं तर?

भाकरी वाटली की कमी होते. कापड फाडलं की तोकडं होतं. पण काल तिन्हीसांजेला आबांकडे काडी नव्हती, तेव्हा तिनं आपल्या दिव्यावर त्यांचा दिवा लावून दिला होता. आपला दिवा लहान झाला होता का? नाही. आई शिवताना ओवी म्हणते ती आबाही ऐकतात. म्हणून सोनकीच्या वाट्याची ओवी अर्धी होते का? नाही.

"परीताई, वाटल्यावर कमी होणाऱ्या गोष्टींचा एक ढीग असतो. आणि वाटूनही कमी न होणाऱ्यांचा दुसरा. हो ना?"

"हो."

"मग दिसणं कुठल्या ढिगातलं?"

"ते मला सांगता येत नाही, बाळा. ते तुलाच निवडायचंय."

सोनकीनं इच्छामणी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला.

"दिसणं दिव्याच्या ढिगातलं आहे," ती म्हणाली. "ज्यांच्या ज्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आहे, त्या सगळ्यांना स्वच्छ दिसू दे."

मणी विरघळला. ओंजळीतून उजेड सांडला, ढोलीतून बाहेर पडला, रानातून खाली उतरला. प्रत्येक वाटेपाशी तो दुभंगला, प्रत्येक गावापाशी पुन्हा दुभंगला, आणि कुठंच रोडावला नाही. दऱ्याखोऱ्यांपलीकडे, नजर पोचेल तिथवर, जणू दिव्यावर दिवा लागत गेला.

आणि सोनकीच्या शेजारी कोणीतरी ओरडलं, "अगं! पळसाचा केशरी असा असतो?"

ती मोहोरपरी होती! ती ढोलीच्या काठावर उभी राहून डोळे विस्फारून पाहत होती. सोनेरी का असेना, तिच्याही डोळ्यांपुढे धुकंच होतं. "आणि ते जांभळं! आणि तू, सोनकी, तू किती सुंदर सावळी आहेस! इतकी वर्षं वसंत सांभाळला, पण आज पहिल्यांदा पाहिला गं मी!" ती हसत होती, रडत होती, आणि तिच्या पंखांवर एकेक रंग उमटत होता. तिनं सोनकीच्या कपाळाला ओठ टेकवले. "आता पुढचा वसंत माझी मीच निवडीन, तू शिकवलंस तसा."

मग ती उंच उडाली. केशरी झाली, गुलाबी झाली, अंजनीसारखी निळी झाली, आणि मावळतीच्या उजेडात उजेड होऊन मिसळून गेली. सोनकी आता ढोलीबाहेर, बेहड्याखाली एकटीच उभी होती, पायाशी काटक्यांची दोन ओझी घेऊन. रानभर पहिल्या मोहोराचा वास सुटला होता.

पुढे पुतळाच्या गोधड्या लांबलांबच्या गावांत गेल्या. घरात तांदूळ आला, गूळ आला, आणि दाट पेज दोघींच्याही ताटात पडू लागली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सोनकी धावत धावत घरी आली तेव्हा गोंदाआबा अंगणात आपलेच हात उलटेपालटे करून बघत उभे होते. आई दारात होती.

"थांब," आई म्हणाली. "हलू नकोस."

तिनं सोनकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, पडलेल्या दाताची खिडकी पाहिली. मग तिचं बोट गालावर येऊन थबकलं.

"हा तीळ कधी आला गं इथं?"

"खूप दिवस झाले, आई."

"मला सांगितलं नाहीस?"

"मलाच कुठं माहीत होता? मला माझा गाल दिसतो का?"

आई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं पदरानं झटकन पुसले आणि पुन्हा पाहू लागली. चुलीवरची पेज उतू गेली, निखारे चुर्र वाजले. तरी पुतळा आपल्या लेकीकडे बघतच राहिली.